रुमालाखालचे पंधरा

लातूरच्या बाजारात आता मालाचा भाव उघड बोलतात. निदान तसं ठरलेलं आहे. पण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हंडरगुळीच्या बैलबाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदे केले, त्या नातवंडांच्या हाताची खाज काही गेलेली नाही. संगमेश आणि त्याची मित्रमंडळी यातलीच. कुणाची डाळमिल, कुणाची आडत, कुणाचं खताचं दुकान. बापांनी मान मोडून कमावलं आणि पोरांनी त्याच्या वेगवान गाड्या घेतल्या. दर रविवारी सकाळी ही मंडळी औसा रोडवरच्या एका हॉटेलात चुरमुऱ्यांचा सुशीला खायला जमायची, गाड्यांची बोनेटं उघडी टाकून चहा प्यायची आणि पैजा लावायची. पैज कुणाची गाडी किती ताकद देते यावर, आणि लावायची ती आजोबांसारखी, रुमालाखाली.

पद्धत सोपी होती. शब्द देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एका रुमालाखाली हात घालायचे. देणाऱ्यानं आधी दहाईची बोटं दाबायची, मग सुट्याची. तोंडातून अक्षर काढायचं नाही. हात बाहेर आले की घेणारा आकडा मोठ्यानं सांगणार, आणि त्यानं सांगितला तोच खरा. देणाऱ्याला कुणी विचारायचं नाही. शब्द खोटा पडला तर बनवलेली वस्तू बनवणाऱ्यानंच सगळ्यांसमोर मोडायची. हा शेवटचा नियम बैलबाजारातला नव्हता. तो या पोरांनी आपल्या मनानं जोडला होता, कारण नुसत्या हरण्याजिंकण्यात त्यांना मजा येईना.

मागच्या वर्षी मुरुडच्या एका मेकॅनिकला त्यांनी त्याचाच कार्बोरेटर हातोड्यानं फोडायला लावला होता. तो बिचारा फोडता फोडता रडला. मोबाइलवर त्याचं शूटिंग करणारा जीशान होता आणि हसण्यात त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं त्याची वाजवीपेक्षा जास्त कीव यायची नाही.

जीशान नांदेडचा. गाड्यांच्या नादानं तो अधूनमधून या मंडळीत येऊन बसायचा. देगलूर नाक्यावर त्याचे वडील ताहेर यांचं सायलेन्सरचं दुकान होतं. ट्रॅक्टर, जीप, टेंपो, जुनी बुलेट, ज्याची नळी फुटली तो ताहेरकडं यायचा. ताहेर गॅसच्या ज्योतीवर तार वितळवून ठिगळ लावायचा, वरून काळा रंग मारायचा आणि गिऱ्हाईक खुशीत जायचं. जीशान मात्र हैदराबादेत राहून आर्गॉनचं वेल्डिंग शिकून आला होता. स्टेनलेसच्या नळीचे पातळ काप काढून, ते एकाला एक जोडून तो असा बेंड करायचा की वरून बोट फिरवलं तर सांधा सापडू नये. कारागीर म्हणून पोरगा अव्वल, यात वाद नाही. पण त्याला बापाच्या दुकानाची लाज वाटायची. "अब्बा, तुम्ही गटाराचे पाइप जोडता," असं तो गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा. ताहेर हसायचा. मुलगा आपल्यापेक्षा हुशार निघाला याचा त्याला इतका आनंद होता की अपमान त्याच्या गावीही नसायचा.

संगमेशनं जीशानला हेरलं ते या हातासाठीच. संगमेशच्या वडिलांची, बसलिंगप्पांची, उदगीरला डाळमिल होती आणि लातुरात रिंग रोडला त्यांचं एक शेड रिकामं पडून होतं. "माझ्या गाडीचा सायलेन्सर कर. काम जमलं तर शेड तुला दिलं. पाटी तुझ्या नावाची," असं संगमेश म्हणाला होता. तेव्हापासून जीशानच्या डोळ्यांपुढून ती पाटी हलेना. तिच्यावर अक्षरं कोणत्या रंगात काढायची इथपर्यंत त्याचं ठरलं होतं. नांदेडच्या त्या काळ्याकुट्ट दुकानातून सुटायची एवढी एकच वाट त्याला दिसत होती.

संगमेशची गाडी जर्मन, टर्बो इंजिनाची, आणि तिला उदगीर-लातूर रस्त्यावर मागं टाकणारं तसं कुणी नव्हतं. पण त्याच्या मंडळीतला मल्लिनाथ हैदराबादहून तयार सायलेन्सर बसवून आला होता आणि आपल्या गाडीत तीस हॉर्सपॉवर वाढल्याचं ऐकेल त्याला सांगत सुटला होता. नळीबरोबर त्यानं गाडीच्या संगणकातली सेटिंगही गुपचूप बदलून घेतली होती, ते मात्र तो गिळून बसला होता. संगमेशला तेव्हापासून जेवण गोड लागत नव्हतं.

त्या रविवारी सुशीलाच्या प्लेटा बाजूला सारून मल्लिनाथ म्हणाला, "काय संगमेश, नांदेडचा उस्ताद कामाला लावलास म्हणं. किती वाढवतो रं हा?"

संगमेशनं गळ्यातला रुमाल काढला आणि आपल्या नि जीशानच्या हातांवर टाकला. सगळे पुढं सरकले.

जीशाननं हिशेब आधीच करून ठेवला होता. मागची नळी बदलली की आवाज बदलतो, लोक खूश होतात, ताकद मात्र होती तेवढीच राहते. खरा अडथळा पुढं असतो, टर्बोच्या तोंडाशी, जिथं गरम धूर कोंडतो. तिथली नळी रुंद केली, आतली धूर गाळायची जाळी मोकळी बसवली, वळणं अलगद ठेवली, तर या गाडीत पंधरा वाढतील. त्याच्या वर जायचं तर संगणकाला हात लावावा लागतो. एवढं तो पक्कं जाणून होता. त्यानं रुमालाखाली संगमेशचं एक बोट दाबलं, म्हणजे दहा. मग अख्खा पंजा दाबला, म्हणजे पाच. संगमेशनं समजल्याची मान हलवली.

हात बाहेर आले. संगमेशनं मल्लिनाथच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "चाळीस."

मंडळीत एकच गलका झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी जीशानच्या पाठीत थाप घातली. जीशानच्या घशाशी शब्द आला होता. "न्हाई, पंधरा," एवढंच म्हणायचं होतं. पण संगमेशनं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "शेडला रंग कोणता द्यायचा रं?" जीशाननं शब्द गिळला आणि हसला. माणूस बुडतो तो अशाच वेळी, आणि बुडताना त्याला वाटत असतं की आपलं नशीब उघडतंय.

सगळे पांगल्यावर त्यानं गाडीपाशी संगमेशला गाठलं. "अण्णा, म्या पंधरा दाबलं होतं."

"माहीत हाय की."

"मग चाळीस कामून सांगितलं?"

"त्या मल्ल्याच्या तोंडावर पंधरा सांगू? तीसवाल्यासमोर?" संगमेशनं दार उघडलं. "तू कर रे. तुझा हात लई भारी हाय."

"नुसत्या पायपानं चाळीस होत न्हाई, अण्णा. सेटिंग बदलू द्या, मग देतो."

"पैज पायपाची लागली. सेटिंगला हात लावायचा न्हाई."

"अन् न्हाई झालं तर?"

"तर नियम तुला ठाऊक हाय," संगमेश म्हणाला. त्यानं काच वर केली. रागावलेला तो अजिबात नव्हता. जिंकलो तर आपलं नाव आणि हरलो तर मेकॅनिकचं, असा दोन्हीकडून फायद्याचा सौदा त्यानं केला होता, आणि असे सौदे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जमत आले होते.

संध्याकाळी घरी ताहेरनं विचारलं, "शब्द किती दिला, बेटा?" त्यांच्या घरात दख्खनी चालायची, पण अर्थ तोच.

"पंधरा," जीशान म्हणाला. चाळीसचं त्यानं सांगितलं नाही. बापाला त्यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे सांगायला तोंड नव्हतं.

"पंधरा घोडे!" ताहेरनं बायकोला हाक मारली. "अगं बेगमबी, ऐकलंस का? पोरगा नुसत्या नळीतून पंधरा घोडे काढणार." बेगमबी चुलीपुढून उठून आली आणि तिनं मुलाच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

पुढचे दिवस जीशाननं जीव ओतून काम केलं. दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावला, ट्रॅक्टरवाल्यांना तिकडं फिरकू दिलं नाही. एकेक काप घासून, पुसून, नळीच्या आतून गॅस सोडून तो सांधत होता, म्हणजे आतल्या बाजूला एक कणही उभा राहू नये आणि धुराला कुठं ठेच लागू नये. सांध्यांवर निळा-सोनेरी रंग चढला. ताहेर आपलं काम आटोपलं की पडदा बाजूला करून नुसता बघत बसायचा. नळी धरायला दुसरा हात लागला तर धरायचा आणि एकदाही हलू द्यायचा नाही. चहा प्यायला आलेल्या शेजारच्या दुकानदाराला त्यानं हात धरून आत नेलं आणि म्हणाला, "हात लावू नको, नुसतं बघ."

जसजशी नळी पुरी होत गेली, तसतसं जीशानच्या डोक्यात काहीतरी फिरत गेलं. इतकं सुंदर काम फक्त पंधराच का देईल, असं त्याला वाटू लागलं. मग पंचवीस तरी देईल, असं वाटलं. शेवटी शेवटी तो चाळीस धरूनच चालला. हिशेब त्याला पाठ होता, तरी त्यानं तो पुन्हा मांडला नाही. पाटीचं स्वप्न हिशेबाला जवळ येऊ देत नव्हतं.

मोजणी लातूरच्या एमआयडीसीत, आनंदराजच्या गॅरेजात होती. आनंदराजनं डायनो बसवला होता. जमिनीत पुरलेले जाड रोलर, त्यांवर गाडीची चाकं ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जखडायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकांनी रोलर जेवढ्या जोरानं फिरवले तेवढी ताकद समोरच्या पडद्यावर येते. काम सुरू करण्याआधी संगमेशची गाडी इथंच मोजली होती आणि पडद्यानं एकशे सत्तर दाखवले होते. म्हणजे शब्द राखायचा तर आज दोनशे दहा यायला हवे होते.

दुपारी सगळी मंडळी हजर झाली. जीशाननं गाडी लिफ्टवर घेऊन आपली नळी चढवली, बोल्ट आवळले आणि गाडी खाली घेतली. तेवढ्यात गॅरेजच्या फाटकातून ताहेर आत आला. अंगावर ईदला शिवलेला पांढरा कुडता, पायात रोजच्या, ठिणग्यांनी भोकं पडलेल्या चपला, हातात बेगमबीनं दिलेला डबा. नांदेडहून एसटीनं आला होता.

जीशान लगबगीनं आडवा गेला. "तुम्ही कशाला आलात? म्हटलं होतं ना, येऊ नका."

"तुझ्या अम्मीनं मांडे दिलेत," ताहेर म्हणाला. "मी बसतो कडेला. बोलत न्हाई कुणाशी."

तो खरोखरच कडेला जाऊन ऑइलच्या डब्यावर बसला. पण मल्लिनाथला चघळायला काहीतरी हवंच होतं. तो त्याच्याजवळ गेला आणि लाडात येऊन म्हणाला, "काय चाचा, पोराचा पराक्रम बघायला आलात? चाळीस वाढवणार म्हणं आज."

ताहेर हसला. "चाळीस न्हाई, मालक. पंधरा."

"कितीऽऽ?"

"पंधरा. त्यानं तुमाला पंधराचाच शब्द दिला ना. घरी येऊन सांगितलं मला. अन् मपला पोरगा पंधरा म्हणाला म्हंजी पंधरा देणार. मोजून घ्या." हे सांगताना त्याची छाती इतकी भरून आली होती की गॅरेजातल्या सगळ्या माना संगमेशकडं वळल्याचं त्याला कळलंही नाही.

मल्लिनाथ सावकाश वळला. "संगमेश, हे काय ऐकायला येऊ राहिलंय? पंधराचे चाळीस केलेस का काय रुमालाखाली?"

संगमेशचं तोंड लाल झालं. व्यापाऱ्याच्या पोराला चोर म्हटलं तर चालतं, पण रुमालाखालचा आकडा फिरवला असं म्हटलेलं चालत नाही. त्या एका गोष्टीवर त्याच्या घराण्याची पत उभी होती. तो जीशानकडं बघून, अगदी गोड आवाजात म्हणाला, "तूच सांग रं बाबा. किती दाबलं होतंस?"

विचारायचं नाही असा नियम होता, पण आता सगळ्यांनाच ऐकायचं होतं. जीशाननं संगमेशकडं बघितलं, मग बापाकडं. ताहेर अजून हसतच होता. मुलगा आत्ता खरं बोलणार आणि या पोरांचा गैरसमज दूर होणार, एवढंच त्याला कळत होतं. जीशानला समोर शेड दिसत होतं. खरं बोललो तर ते गेलं, लातूर गेलं, आणि जन्मभर देगलूर नाक्यावर ट्रॅक्टरच्या नळ्या, हे त्याला लख्ख दिसत होतं.

"चाळीस," तो म्हणाला. "अब्बांचं काय ऐकता तुम्ही. वय झालंय त्यांचं. ऐकू येत न्हाई धड, डोकंबी जाग्यावर नसतं. कायबी बडबडतात." आणि हे खरं वाटावं म्हणून त्यानं कानशिलापाशी बोट फिरवून दाखवलं.

सगळे खो खो हसले. संगमेश सगळ्यांत जास्त हसला, कारण त्याचा जीव भांड्यात पडला होता. जीशानही हसला.

ताहेरचं हसू तसंच अर्धवट राहिलं. त्यानं मुलाच्या त्या फिरणाऱ्या बोटाकडं बघितलं. मग डबा मांडीवरून खाली ठेवला आणि म्हणाला, "हाव. वय झालंय. माज्याच ऐकण्यात चूक झाली असंल." त्यानं मुलाचं खोटं आपल्या अंगावर घेतलं. त्याबद्दल जीशानला त्या क्षणी मायेचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की सुटलो.

गाडी रोलरवर गेली. आनंदराजनं पट्टे आवळले, समोर मोठा पंखा लावला आणि स्वतः गाडीत बसून गियर चढवत गेला. आवाज असा निघाला की पोरांनी कानात बोटं घातली, तरी त्यांच्या चेहऱ्यावर भूक दिसत होती. खोल, भरदार, कुठं फाटलेला नाही. ताहेरनं मान वर केली. त्यानं आयुष्यभर सायलेन्सर ऐकले होते, पण स्वतःच्या घरातून असा आवाज निघालेला त्यानं ऐकला नव्हता. पडद्यावरची रेघ चढत गेली, चढत गेली आणि थांबली.

एकशे सत्याऐंशी.

आनंदराज खाली उतरला आणि पडद्याकडं बघतच राहिला. "सतरा वाढले. नुसत्या पायपात, सेटिंग न बदलता? असं काम माज्या रोलरवर आजवर आलेलं न्हाई रं," तो जीशानला म्हणाला. तो मनापासून बोलला, पण त्याचं ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. मल्लिनाथ ओरडत होता, "सतरा! चाळीसचे सतरा!" आणि बाकीचे टाळ्या पिटत होते. दोघातिघांनी मोबाइल बाहेर काढले होते.

"ग्राइंडर आणा," कुणीतरी म्हणालं.

जीशानला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मुरुडच्या त्या माणसाला कसं वाटलं असेल ते आता कळलं, पण त्याचा काही उपयोग नव्हता. तो संगमेशजवळ गेला. "अण्णा, सांगा ना तुम्ही. तुमाला माहीत हाय. म्या पंधराच दाबलं होतं. दोन जास्तच दिले."

"आत्ताच तर तू चाळीस म्हणालास. सगळ्यांदेखत." संगमेशनं त्याला खांद्याला धरून जवळ ओढलं आणि कानात म्हणाला, "लई भारी केलंस रं. सतरा म्हंजी चेष्टा न्हाई. पण मल्ल्या बघू राहिलाय. आज काप. पुढच्या महिन्यात असाच दुसरा करून घेतो तुज्याकडून."

जीशान मागं वळला. आता गॅरेजात खरं बोलणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याला त्यानंच वेडा ठरवलं होतं. तरी तो गेला. "अब्बा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "तुम्ही सांगा त्यांना. घरी येऊन म्या तुमाला काय सांगितलं होतं ते सांगा."

"हाव चाचा, सांगा सांगा," मल्लिनाथनं मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला. "किती म्हणाला होता?"

ताहेर डब्यावरून उठला. त्यानं मुलाकडं बघितलं. ज्या माणसाला कधी राग येताना जीशाननं बघितलं नव्हतं, त्या माणसाच्या डोळ्यांत आता राग होता, आणि तो ओरडण्याचा नव्हता, आतपर्यंत गेलेला होता. "मपल्या पोरानं चाळीस सांगितलं," ताहेर म्हणाला. "येड्याचं काय धरून बसता."

मग त्यानं बाकावरचा ग्राइंडर उचलला, त्याची चकती नीट बसली आहे का ते अंगठ्यानं हलवून बघितलं, वायर बोर्डात लावली आणि मशीन मुलाच्या हातात दिलं. खिशातून आपला कामाचा चष्मा काढला, काचा कुडत्याला पुसल्या आणि तोही दिला. "चष्मा लाव. ठिणगी उडती," एवढं बोलून तो फाटकाकडं चालू लागला. त्यानं मागं वळून बघितलं नाही, आणि जीशाननंही त्याला थांबवलं नाही. लोक बघत होते.

गाडी लिफ्टवर चढली. जीशाननं नळी उतरवली, ती अजून तापलेली होती. त्यानं ती बाकाच्या पकडीत धरली आणि पहिल्या बेंडवर चकती टेकवली. स्टेनलेस सहजासहजी कापत नाही. किंचाळतं. पोरांना ते फार आवडलं. पहिला सांधा सुटला तेव्हा त्यांनी मोजलं, "एक!" आणि मग प्रत्येक सांध्याला आरोळी ठोकली. जीशान रडला नाही. रडलं की शूटिंग चांगलं होतं, हे त्याला त्या सगळ्यांहून जास्त ठाऊक होतं.

"तुकडे फेकू नको रं," मल्लिनाथ म्हणाला. "मला नमुना पाहिजे. हैदराबादेत दाखवतो."

संपल्यावर संगमेशनं जीशानला पाणी दिलं. सगळ्यांसमोर, मोठ्या मनानं. "शेडचं काय, असं वाटत असंल तुला," तो म्हणाला. "शब्द मोडला त्याला पाटी देत नसतात, ते तर तुलाबी पटंल. पण हात चांगला हाय तुझा. पगारावर ये. पाटी मी माज्या नावानं लावतो."

जीशाननं चष्मा काढला. त्याच्या मनात संगमेशच्या तोंडावर तो फेकून मारावा असं आलं. त्याला त्याचा, मल्लिनाथचा, त्या मोबाइलांचा, सगळ्यांचा तिरस्कार आला.

"हाव, अण्णा," तो म्हणाला. "कधीपासून येऊ?"

संगमेश उत्तर देणार तेवढ्यात जीशानचा फोन वाजला. बेगमबी होती. नांदेडला बसून तिचा धीर सुटला होता.

"किती आले रे?" तिनं विचारलं.

जीशान दोन पावलं बाजूला झाला. "सतरा."

"सतरा!" ती इतक्या जोरात ओरडली की संगमेशलाही ऐकू गेलं. "अरे, तू तर पंधरा म्हणाला होतास. तुझे अब्बा पहाटेपासून नाचत होते. म्हणत होते, सगळ्यांसमोर पोराचं नाव निघणार, मी जाणारच. मी म्हटलं नवा कुडता घाला, मुलाला लाज वाटायला नको." ती हसत होती. "दे, त्यांना फोन दे. मला ऐकू दे ते काय म्हणतात."

जीशाननं फाटकाकडं बघितलं. बाहेर एमआयडीसीचा रस्ता रिकामा होता. ऑइलच्या डब्याशेजारी मांड्यांचा डबा तसाच पडला होता आणि मंडळीतल्या एकानं तो उघडून खायला सुरुवात केली होती.

"अब्बा खूप खूश आहेत, अम्मी," तो म्हणाला. "लोक त्यांना सोडतच नाहीत."